कॉटच्या पट्ट्या आणि पेटंटचा फॉर्म

मराठी विभागासाठी "काहीतरी टेक्निकल, पण सगळ्यांना कळेल असं दे" असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी आधी हसलेच. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. मराठीचा पेपर म्हणजे माझ्यासाठी कसंबसं काठावर पास होणं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. पण हा विषय इंग्लिशमधून लिहिला तर ज्यांनी तो वाचायला हवा त्यांतले निम्मे लोक वाचणारच नाहीत, म्हणून हा उद्योग.

विषय आहे कॉट. हो, आपण ज्याच्यावर झोपतो (आणि अभ्यास करतो, जेवतो, रडतो) तीच. आणि त्या कॉटवरून निघालेला पेटंटचा एक फॉर्म, ज्यावर मी अजून सही केलेली नाही.

हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी बाबांबरोबर रिक्षात कोंबून कापसाची नवी गादी आणलेली असते. दिवाळीपर्यंत ती छान असते. मग तिच्यात मध्यभागी एक खड्डा तयार होतो आणि कापसाच्या गाठी कडेला सरकतात. आपण गादीला शिव्या देतो. पण एकदा गादी उचलून खाली बघा. खरा खड्डा कॉटच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये असतो. पट्ट्या वेल्डिंग केलेल्या, वर्षानुवर्षे वेगवेगळ्या मुलींचं वजन सोसून कायमच्या वाकलेल्या. गादी बिचारी खालच्या आकाराप्रमाणे बसते इतकंच. माझ्या रूममेटची कंबर दुसऱ्या वर्षी इतकी धरली की ती गादी जमिनीवर टाकून झोपायला लागली. एप्रिलमध्ये ठीक आहे हो, पण नाशिकच्या डिसेंबरमध्ये फरशीवर? आठ दिवसांत ती परत कॉटवर आली. खाली प्लायवूड टाकून पाहिलं. प्लायने झोळ गेला, पण गादीला खालून हवा लागेना आणि पावसाळ्यात तिला वास यायला लागला.

म्हणून तिसऱ्या वर्षीच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने कॉट घेतली. वर्गात जे हसले ते अजून आठवतंय. बाकीचे ग्रुप ड्रोन करत होते, कोणी रोबोटिक आर्म, कोणी इलेक्ट्रिक सायकल. आणि आम्ही चौघी? "गादीवाल्या". हे नाव अजून चिकटलेलं आहे.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. हसण्यासारखं काय आहे त्यात?

भारतातलं पहिलं पेटंट कशाचं होतं माहीत आहे? १८५६ मध्ये कलकत्त्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनियरने अर्ज केला तो पंखा ओढायच्या यंत्रासाठी. म्हणजे छताला टांगलेला कापडी पंखा. उकाड्यात माणसाला बरं वाटावं यासाठीच सगळं. आपल्या देशातल्या पेटंटच्या इतिहासाची सुरुवात आगगाडीने किंवा तोफेने झालेली नाही, घरातल्या आरामाच्या वस्तूने झालेली आहे. (आमच्या रूमचा पंखा चार नंबरवरही ज्या वेगाने फिरतो ते बघता डीपेनिंग साहेबांची आठवण वारंवार येते. असो.)

आणि आपले शंकर आबाजी भिसे? 'भारताचे एडिसन' म्हणून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत येतात तेच. जन्म १८६७, मुंबई. अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात नोकरी आणि उरलेल्या वेळात यंत्रं. त्यांची टाइप पाडण्याची यंत्रं, 'भिसोटाइप', सगळ्यांना माहीत असतात. पण त्यांना इंग्लंडचा रस्ता दाखवला तो एका वजनकाट्याने. लंडनच्या एका इन्व्हेंटर्स मासिकाने १८९० च्या दशकात स्पर्धा ठेवली होती. किराणा दुकानात साखर, पीठ असा माल आपोआप मोजून देणारं यंत्र करायचं. तिथल्या लोकांना मागे टाकून भिशांचं डिझाइन पहिलं आलं. किराणा दुकानातलं यंत्र! आज कोणी प्रोजेक्ट म्हणून घेतलं तर त्यालाही आपण "वाणी" म्हणून चिडवू.

पलंग आणि गादी हा तर पेटंटच्या दृष्टीने मोठाच प्रांत आहे. मला प्रोजेक्टच्या निमित्ताने वाचेपर्यंत कल्पना नव्हती. गादीतली प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवायची, म्हणजे एका बाजूचा माणूस कूस वळला तरी दुसऱ्याला हादरा बसत नाही, ही कल्पना कॅनडातल्या जेम्स मार्शल या इंजिनियरची, १९०० च्या आसपासची. पण त्या पिशव्या हाताने भराव्या लागायच्या, त्यामुळे ती गादी श्रीमंतांपुरतीच राहिली. पंचवीस वर्षांनी, १९२५ मध्ये, अमेरिकेतल्या सिमन्स कंपनीच्या जॉन गेल या माणसाने त्या पिशवीबंद स्प्रिंगा भराभर तयार करणारं मशीन बनवलं, आणि मग ती दुकानात आली. इथे मला एक गोष्ट फार आवडली. पहिल्याचा शोध गादीचा, दुसऱ्याचा शोध गादी करण्याच्या मशीनचा. दोघांची नावं वेगवेगळी राहिली. कोणी कोणाला गिळलं नाही.

आणि चार्ल्स हॉलची गोष्ट तर शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीने वाचावी अशी आहे. १९६८ मध्ये हा सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये डिझाइनचा विद्यार्थी होता. प्रोजेक्टसाठी त्याला आरामदायक खुर्ची करायची होती. आधी त्याने मक्याच्या स्टार्चची पातळ लापशी भरलेली खुर्ची केली, ती अवजड झाली. मग जेली भरून बघितली, तीही फसली. मग खुर्चीचा नाद सोडून त्याने मोठ्या व्हिनाइलच्या पिशवीत पाणी भरलं आणि पलंग केला. प्रोजेक्टच्या प्रदर्शनात बाकीचे सगळे आपापले प्रोजेक्ट सोडून त्याच्या पलंगावर येऊन लोळत बसले म्हणे. १९७१ मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. त्याचं शीर्षक किती साधं: मानवी शरीरासाठी द्रवाचा आधार. पुढे नकला इतक्या झाल्या की तो कोर्टात गेला, आणि पेटंटची मुदत संपून गेल्यावर १९९१ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला, काही दशलक्ष डॉलर भरपाईचा.

आता गंमत बघा. पाण्याचा पलंग हॉलच्याही आधी होऊन गेलेला होता. नील आर्नॉट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८३२ मध्ये लंडनला तो केला होता, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी. अंगाचं वजन एकाच हाडावर तासन् तास पडलं की तिथलं रक्त थांबतं आणि जखम होते. वजन पाण्यावर पसरलं की कुठल्याच एका जागी दाब जास्त होत नाही. पाण्याने भरलेल्या हौदावर रबर लावलेलं कापड, त्यावर गादी, एवढंच. आणि या डॉक्टरने मुद्दाम पेटंट घेतलं नाही. ज्याला हवा त्याने करून घ्यावा, पेशंटची सोय व्हावी म्हणून.

मी पेटंटच्या विरुद्ध आहे असं कोणी समजू नये. हॉलने पेटंट घेतलं ते योग्यच केलं, आर्नॉटने घेतलं नाही तेही योग्यच. दोघांना आपण काय करतोय ते माहीत होतं. माझी तक्रार आहे ती कळत नसताना घेण्याबद्दल. त्यासाठी आमची कॉट नीट सांगावी लागेल.

कॉटच्या लांबीच्या दिशेने पट्ट्या असतात, दोन्ही टोकांना वेल्ड केलेल्या. आम्ही पहिल्यांदा पुस्तकी विचार केला. पट्टी जाड करा. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, हे दुसऱ्या वर्षीच शिकलोय. पण मग लोखंड दुप्पट लागतं, कॉट उचलायला चार जण लागतात, आणि वर झोपणं म्हणजे बाकावर झोपणं. दुसरा विचार, खाली रबराचे तुकडे देऊन लाकडी पट्ट्या आडव्या टाकायच्या. हे चांगलं आहे, परदेशात सर्रास असतं, पण लाकडाचा खर्च आणि ढेकूण. (ढेकणांवर स्वतंत्र लेख होईल.)

आम्ही वर्कशॉपमध्ये कागद पसरून भांडत होतो, तेव्हा तिथले मामा शेजारी ग्राइंडिंग करत होते. ते वर्कशॉप अटेंडंट आहेत, आमच्या जन्माच्या आधीपासून इथे आहेत. ते म्हणाले, "बाई, बाजेला झोळ आला की तुमच्याकडं काय करतात?" आम्ही चौघींनी एकमेकींकडे बघितलं. मी कॉलेज रोडवर वाढलेली, बाज सिनेमात बघितलेली. मामा पेठ तालुक्यातले. त्यांनी सांगितलं, बाजेची वीण पायथ्यापर्यंत जात नाही. पायथ्याशी हातभर जागा सोडतात आणि तिथे दोरी गुंतवतात. झोळ आला की ती दोरी ओढायची, बाज पुन्हा ताठ. वीण उसवायला लागत नाही. "तुमच्या पट्ट्या दोन्हीकडं वेल्ड मारल्यात. ओढायला जागाच नाय ठेवली."

झालं! प्रोजेक्ट तिथेच झाला. पट्ट्यांचं एक टोक कॉटच्या फ्रेमपासून सोडवायचं, सगळी टोकं एका आडव्या अँगलला जोडायची आणि तो अँगल पायथ्याच्या फ्रेममधून आलेल्या दोन आटे पाडलेल्या रॉडने ओढायचा. नट फिरवला की पट्ट्या ताठ.

पहिल्याच दिवशी आडवा अँगल केळ्यासारखा वाकला. आम्ही हिशोबच केला नव्हता. नंतर केला. साठ किलोचा माणूस सहा फुटांवर सारखा पसरलाय असं धरा. मध्ये ५ सेंटीमीटर झोळ चालवून घ्यायचा तर पट्ट्यांमध्ये मिळून साधारण २७० किलोचा ताण लागतो. झोळ निम्म्यावर आणायचा, अडीच सेंटीमीटर, तर ताण दुप्पट, ५४० किलोच्या आसपास! झोळ शून्य करायचा म्हटलं तर ताण अनंत. म्हणजे संपूर्ण सपाट कॉट पट्ट्या ओढून कधीच होणार नाही, आणि बाज थोडी खोलगट असते ती काही विणणाऱ्याच्या चुकीमुळे नव्हे. थिअरी ऑफ मशीन्सच्या सबंध सेमिस्टरमध्ये मला एवढा आनंद झाला नव्हता. मामांनी मग दोन अँगल समोरासमोर ठेवून चौकोनी नळीसारखे जोडले. तो वाकला नाही. अजून वाकलेला नाही. रूममेट ऑक्टोबरपासून त्या कॉटवर झोपतेय, आणि मुख्य म्हणजे पट्ट्यांमधून गादीला हवा लागते. मार्शलने आपल्या गादीला 'व्हेंटिलेटेड' हे नाव का दिलं होतं ते तेव्हा कळलं.

परीक्षकांना प्रोजेक्ट आवडला. आणि मग कोणीतरी म्हणालं, "याचं पेटंट टाका."

आम्ही हवेत. मी रात्री घरी फोन करून सांगितलंसुद्धा. दोन दिवसांनी फॉर्मचा मसुदा आला. शोधकर्ते या रकान्यात सात नावं होती. आम्ही चौघी, आमचे गाइड सर, आणि आणखी दोन मोठी नावं, ज्यांनी ती कॉट पाहिलेली आहे की नाही याबद्दल मला खात्री नाही. मामांचं नाव नव्हतं.

खरं सांगते. पहिल्यांदा वाचताना माझ्याही लक्षात आलं नाही. मी फक्त माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का ते बघितलं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. रूममेट म्हणाली, "आणि मामा?" ती आमच्या ग्रुपमध्ये नाही, ती कॉम्प्युटरची आहे. तिला दिसलं, मला दिसलं नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते.

मी विचारलं तेव्हा उत्तरं मिळाली ती अशी. ते नॉन-टीचिंग आहेत. त्यांनी फक्त फॅब्रिकेशन केलं. नावं जास्त झाली की बरं दिसत नाही. (सात चालतात, आठ जास्त होतात!) गाइड सर चांगले आहेत, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझं म्हणणं बरोबर आहे, पण यादी वरून आली आहे.

मग मी कायदा वाचला. समजायला वाटतो तितका अवघड नाही. १९७० चा पेटंट कायदा दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. अर्जदार कोण आणि शोधकर्ता कोण. अर्जदार कॉलेज असू शकतं, कंपनी असू शकते, ज्याच्याकडे हक्क लिहून दिलेत तो कोणीही. त्यात काही गैर नाही, पैसे आणि वर्कशॉप कॉलेजचंच आहे. पण शोधकर्ता म्हणजे ज्याच्या डोक्यातून ती गोष्ट खरोखर निघाली तो. कायद्यातले शब्दच 'खरा आणि पहिला' अशा अर्थाचे आहेत. तिथे हुद्दा विचारत नाहीत, डिग्री विचारत नाहीत. सांगितल्याप्रमाणे वेल्डिंग करणारा शोधकर्ता होत नाही, हे बरोबर. पण आमच्या बाबतीत उलटं झालं. मामांनी सांगितलं आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे केलं! हिशोब मात्र आमचा, तो आम्ही सोडणार नाही.

भिशांचीच गोष्ट पुन्हा. इंग्लंडमध्ये भांडवलासाठी त्यांनी काय काय सोसलं ते वाचण्यासारखं आहे. दादाभाई नौरोजींनी हात दिला, इतर ठिकाणी आश्वासनं मिळाली आणि विरली. शेवटी सर रतन टाटांनी पैसे घातले. त्या संस्थेचं नाव होतं टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट. पैसे देणाऱ्याचं नाव आणि डोकं चालवणाऱ्याचं नाव, दोन्ही पाटीवर. शंभर वर्षांपूर्वी, आणि टाटांसारख्या माणसाला ते कमीपणाचं वाटलं नाही. ते सिंडिकेट काही फार चाललं नाही, भिसे पुढे अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कलाच वारले. पण नाव राहिलं.

मी कायद्याबरोबर आणखी एक काम केलं जे आम्ही सगळ्यात आधी करायला हवं होतं. जुनी पेटंट शोधली. फुकट बघता येतात, फक्त कोणी बघत नाही. आणि माझं विमान खाली आलं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत 'बेड बॉटम' या नावाखाली पेटंटचा अक्षरशः ढीग आहे. गादीखालची चौकट, तिच्यावर पट्ट्या, जाळ्या, स्प्रिंगा, आणि त्या ताणायचे नाना प्रकार. स्क्रूने ताणायचं हेही त्यात होतं. म्हणजे आमची कल्पना नवी नव्हती. मामांची तर त्याहून जुनी, किती जुनी ते बाजेलाच माहीत. आपल्या कायद्यात तर कलम ३ मध्ये सरळ लिहिलंय की माहीत असलेली साधनं नुसती नव्या रचनेत मांडली तर तो शोध होत नाही, आणि परंपरेने चालत आलेलं ज्ञानही शोध होत नाही. दोन्ही दारं बंद!

मी हे सगळं प्रिंट काढून नेलं तेव्हा मिळालेलं उत्तर या लेखाचं खरं कारण आहे. "ग्रँट होणार नाही हे आम्हालाही माहीत आहे. पब्लिश तर होईल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पेटंटचा अर्ज केला की तो अठरा महिन्यांनी पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापला जातो. जादा फी भरली तर खूप लवकर. छापण्यासाठी तो नवा आहे का, उपयोगी आहे का, हे कोणी तपासत नाही. तपासणी नंतर, वेगळा अर्ज आणि वेगळी फी भरल्यावर. ती पार पडली तर पेटंट मिळतं, अर्ज केल्यापासून वीस वर्षांसाठी. थोडक्यात, पब्लिश होणं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला अशी यादी लागणं. रिझल्ट नव्हे. पण रँकिंगच्या माहितीत ग्रँट झालेल्यांबरोबर पब्लिश झालेलेही मोजले जातात, आणि रेझ्युमेमध्ये 'पेटंट: १' लिहिल्यावर इंटरव्ह्यू घेणारा बहुतेक वेळा पुढचं विचारत नाही. त्यामुळे भरा फॉर्म.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझं काय जातंय? प्लेसमेंट तोंडावर आलेत. त्यांचं मला पटतं, अगदी खोटं कशाला बोलू. आमच्यातल्या एकीच्या घरी कर्ज आहे, तिच्या रेझ्युमेवरच्या एका ओळीची किंमत मी ठरवणारी कोण? व्यक्ती म्हणून अर्ज करायला ऑनलाइन फी फक्त १६०० रुपये. एका ओळीसाठी महाग नाही. पण मग इंटरव्ह्यूमध्ये कोणी खरंच विचारलं, "यात नवीन काय आहे?" तर चौघींपैकी कोण काय सांगणार? आणि समोरच्याने लहानपणी बाज बघितलेली असली तर?

दुसरं, हे सगळं एकदा सवयीचं झालं की ज्याच्याकडे खरोखर नवीन काही असेल त्याचं नुकसान होतं. मागे एका सीनियर ग्रुपचं काम चांगलं होतं, खरंच वेगळं. त्यांनी ते आधी तीन प्रोजेक्ट स्पर्धांमध्ये मांडलं, फोटो छापून आले, आणि मग पेटंटचा विचार सुरू झाला. सरकारने जाहीर केलेल्या काही प्रदर्शनांना कायद्यात सवलत आहे, पण कॉलेजच्या टेक-फेस्टला नाही. आधी जगाला दाखवलं की नवेपण गेलं. हे त्यांना कोणी सांगितलं नाही, कारण सांगणारे सगळे आमच्यासारख्यांचे फॉर्म भरण्यात गुंतलेले.

मामांना मी विचारलं. ते म्हणाले, "माझं नाव कशाला बाई? कॉट नीट झाली ना?" हे वाक्य नंतर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं, पुरावा म्हणून. बघ, त्यांनाच नको आहे! मला यात काहीतरी फार चुकीचं वाटतं. मागायची ज्याला सवयच लागू दिली नाही, त्याने मागितलं नाही म्हणून त्याला द्यायचं नाही. आणि ज्या दोघांनी कॉट पाहिली नाही त्यांना मात्र कोणी विचारलं नाही, "तुम्हाला नाव हवंय का?" मासिकात नाव छापू नको असंही मामा म्हणाले. ते मी ऐकलंय. फॉर्मची गोष्ट वेगळी आहे, तिथे प्रश्न खरं-खोटं लिहिण्याचा आहे.

तर सध्या परिस्थिती अशी आहे. फॉर्म सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे. माझी सही नाही, आणि गेल्या आठवड्यात ग्रुपमधल्या आणखी एकीने तिची मागे घेतली. उरलेल्या दोघी माझ्याशी बोलतात, पण कमी. सरांनी जुन्या पेटंटचे प्रिंट परत मागून घेतले आणि या सेमिस्टरपासून मिनी प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक ग्रुपकडून असा शोध करून घ्यायचा असं ठरवलंय. स्टाफमधल्या इतरांनीही हे करावं अशी विनंती आहे. आणि शोधकर्त्यांच्या रकान्यात नाव टाकताना प्रत्येकासमोर एक ओळ लिहून घ्यावी: या व्यक्तीने नेमकं काय सुचवलं. ती ओळ ज्याच्यासमोर लिहिता येणार नाही, त्याचे आभार अहवालाच्या पहिल्या पानावर मानता येतात, मोठ्या अक्षरात.

कॉटचं म्हणाल तर आमचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या दाराशेजारी लावलं आहे. ज्याला हवं त्याने बघावं, करावं. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत पाच नावं आहेत आणि पहिलं मामांचं आहे, ते मी स्वतः ड्राफ्टिंगच्या पेनने लिहिलंय. रेक्टर मॅडमनी ग्राउंड फ्लोअरच्या सहा कॉट करून बघायला परवानगी दिली आहे. लोखंड भंगारातलं चालेल. शनिवारी दुपारी दोननंतर वर्कशॉप उघडं असतं. येताना १९ नंबरचा पाना आणा, वर्कशॉपमधला हरवलाय.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल